रात्री दारं धरायला जाताय? बॅटरी घेताना आधी आतला सेल बघा

राहुरी : कांद्याला पाणी सोडलेलं. रात्रीचे दोन वाजलेले. लाईट पहाटेपर्यंतच आहे, त्यामुळे मोटार बंद करून चालत नाही. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन शेतकरी बांधावरून चाललेला असतो. पाचवा-सहावा वाफा भरत आला की उजेड मंदावतो, दोनदा लुकलुकतो आणि विझतो. बॅटरी संध्याकाळी फुल चार्ज केलेली होती. डब्यावर तर बारा तास चालते असं छापलेलं. मग खिशातला मोबाईल काढायचा, त्याच्या उजेडात चिखल तुडवत घर गाठायचं. मोबाईल पाण्यात पडला तर उजेडही गेला आणि घरी फोन लावायची सोयही गेली.

सौर कृषी वाहिनीमुळे काही फिडरवर दिवसा लाईट मिळू लागली आहे. पण ज्यांची पाळी अजून रात्रीची आहे त्यांना बॅटरीशिवाय गत्यंतर नाही. घोणस वाळल्या पाचटात पडून असली तर पाय पडेपर्यंत दिसत नाही. मण्यार तर फिरतेच रात्री, आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. संगमनेर, अकोले, राहुरीच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचं भय वेगळंच. हातात काठी आणि चांगला उजेड असल्याशिवाय रात्री उसाकडं जाऊ नये, हे आता गावात लहान पोरालाही माहीत आहे.

तरीही बॅटरी घेताना बहुतेक जण फक्त झोत किती लांब जातो ते बघतात. दुकानदार समोरच्या भिंतीवर प्रकाश मारून दाखवतो, गिऱ्हाईक खूश होतं. आत कोणता सेल आहे, तो बदलता येतो का, उद्या गेला तर तालुक्याला दुसरा मिळेल का, हे कोणी विचारत नाही. खरी गोम तिथेच आहे.

आधी एक खुलासा. शहरात ज्याला टॉर्च म्हणतात त्याला गावाकडं बॅटरी म्हणतात आणि आत घालतात तो सेल. या लेखातही तसंच म्हटलं आहे.

१८६५० म्हणजे काय?

सध्या मुठीत मावणाऱ्या चांगल्या बॅटऱ्यांत जो चार्जिंगचा सेल येतो त्याच्या अंगावर १८६५० असा आकडा असतो. दुकानदार त्याला ‘अठरा सहाशे पन्नास’ म्हणतात. हा काही कंपनीचा नंबर नाही, ते सेलचं माप आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल आहे. नवीन एक रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित बारीक आणि शाळेच्या पट्टीवर साडेसहा सेंटिमीटर लांब, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. याच हिशेबाने २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब. २६६५० म्हणजे २६ जाड, ६५ लांब. १४५०० हा १४ जाड, ५० लांब, म्हणजे घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलएवढा.

हे सगळे लिथियमचे सेल. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडली तर आत बहुतेक १८६५० च्याच कांड्या निघायच्या. पॉवर बँक, ई-बाईक, अलीकडचे लिथियमवाले फवारणी पंप, सगळीकडं हा सेल वापरतात. त्यामुळे तो सहज मिळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण हाच.

आता दुसरे प्रकार बघा. मागून दोन पिना काढून थेट बोर्डात खुपसायची प्लॅस्टिकची बॅटरी घरोघरी असते. तिच्यात बहुतेक वेळा चार व्होल्टची छोटी ॲसिडची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली की कामातून जाते. बदलायची म्हटलं तर डबा फोडावा लागतो. शिवाय तसल्या कित्येक बॅटऱ्यांत चार्जिंगचं सर्किट थेट घरच्या लाईटवर चालतं, म्हणून बोर्डात असताना ती उघडली तर झटका बसू शकतो. आजोबांच्या काळातल्या पत्र्याच्या बॅटरीत मोठे सेल घालायचे. त्या दणकट होत्या यात वाद नाही, पण दर हंगामात सेल विकत आणायचे आणि फेकायचे. मोबाईलच्या वायरवर चार्ज होणाऱ्या पण सेल आत पक्का बसवलेल्या चपट्या बॅटऱ्याही आल्यात. दिसायला छान, घरात लाईट गेली तर ठीक. पण सेल दमला की अख्खी बॅटरी भंगारात.

म्हणून रानात न्यायची बॅटरी घेताना पहिली अट एकच धरावी. मागचं किंवा पुढचं झाकण आट्यावर फिरवून उघडलं पाहिजे आणि आतला १८६५० हाताने बाहेर निघाला पाहिजे. तसं असेल तर एक भरलेला सेल घरच्या डबीत ठेवून बरोबर नेता येतो. रात्री दोन वाजता बॅटरी विझली की आटे फिरवायचे, सेल बदलायचा, अर्ध्या मिनिटात पुन्हा उजेड.

माप एकच, तरी बसत नाही

इथं बरेच जण फसतात. अंगावर १८६५० लिहिलेले दोन सेल शेजारी ठेवले तर त्यांची लांबी वेगळी निघू शकते. साध्या सपाट तोंडाच्या सेलची लांबी ६५ मिलिमीटर. वर टोपीसारखं उंच बटण असलेला सेल ६६ ते ६७ भरतो. तिसऱ्या प्रकारात सेलच्या बुडाला एक छोटी गोल चकती बसवलेली असते. सेल जास्त चार्ज झाला, फार उतरला किंवा शॉर्ट झाला तर ती चकती करंट तोडते. हा सेल जास्त सुरक्षित, पण लांबी ६८ ते ७० पर्यंत जाते. आणि ज्याच्या स्वतःच्या अंगावरच चार्जिंगची खाच असते तो ७० च्याही वर.

परिणाम काय? आखूड नळीच्या बॅटरीत लांब सेल घातला तर झाकण पुरतं लागत नाही. माणूस जोर लावतो. स्प्रिंग दबून वाकडी होते, सेलच्या बुडाची चकती चेमटते, आणि जी सुरक्षेसाठी होती तीच बिघडते. याउलट, लांब नळीत आखूड सेल घातला तर तो आत खुळखुळतो. बॅटरी हातात धरून चाललं की लुकलुकते, फावड्याच्या दांड्यावर आपटली की बंद.

सपाट तोंडाच्या सेलची आणखी एक अडचण आहे. काही बॅटऱ्यांत पुढच्या टोकाला प्लॅस्टिकची कडी असते, सेल उलटा घातला तर जोड लागू नये म्हणून. तिच्यात सपाट सेलचं तोंड आत टेकतच नाही. सेल भरलेला, बॅटरी नवी, तरी उजेड नाही. मग कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून मध्ये ठेवतं. हे मात्र चुकूनही करू नये. लिथियम सेलचं बाहेरचं सगळं अंग म्हणजे निगेटिव्ह. वरच्या बाजूला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यात एक पातळ कागदी चकती आणि प्लॅस्टिकचं कव्हर, एवढंच अंतर. चांदी सरकली की थेट शॉर्ट, आणि तोही हातातल्या बंद नळीत.

दुकानात जाताना म्हणून दोन गोष्टी कराव्यात. सेल बॅटरीत घालून झाकण पूर्ण लावून बघावं, ते सहज फिरलं पाहिजे. मग बॅटरी कानाजवळ धरून हलवावी, आणि चालू ठेवून तळहातावर तीन-चार वेळा ठोकावी. खुळखुळली किंवा लुकलुकली तर परत द्यावी. जादा सेल घ्यायचा असेल तर जुना सेल बरोबर न्यावा आणि दोन्हींची लांबी व तोंड जुळवूनच घ्यावा.

काही जाड बॅटऱ्यांत २६ मिलिमीटरची नळी असते आणि १८६५० बसावा म्हणून आत प्लॅस्टिकची मोकळी नळकांडी देतात. सोबत तीन बारीक सेल बसवायचा काळा डबाही असतो. नळकांडी हरवली की सेल डुगडुगतो, ती जपावी. तीन बारीक सेल मिळून साडेचार व्होल्ट होतात, म्हणून अडीअडचणीला ते चालतात. मात्र फेकायचे साधे सेल घातलेले असताना त्या बॅटरीला चार्जिंगची वायर कधीच लावू नये. ते सेल चार्ज होण्यासाठी नसतात, गळतात किंवा फुटतात.

पेन्सिल सेलसारखा दिसणारा १४५०० हाही घोटाळ्याचा. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, १४५०० भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. पेन्सिल सेलच्या बॅटरीत तो घातला तर क्षणभर उजेड लख्ख पडतो आणि पुष्कळदा आतला एलईडी कायमचा जातो. दोन १८६५० एकामागे एक लागणारी लांब बॅटरीही गरज नसेल तर टाळावी. एक सेल जुना आणि एक नवा, किंवा एक भरलेला आणि एक अर्धा, असे पडले की कमजोर सेल गरजेपेक्षा जास्त उतरतो आणि तिथून धोका सुरू होतो. एका सेलच्या बॅटरीत ही भानगडच नाही.

९९०० चा सेल?

मोबाईलमुळे एमएएच हा शब्द सगळ्यांना कळतो. जितका आकडा मोठा तितकी साठवण जास्त. मग बाजारात लाल-निळ्या कव्हरचा, ९९०० एमएएच छापलेला स्वस्त सेल दिसतो आणि शेजारी महाग सेलवर फक्त २६०० असतं. माणूस साहजिकच ९९०० चा उचलतो.

तो आकडा खोटा आहे. १८६५० च्या डबीत आजघडीला सर्रास मिळणाऱ्या चांगल्या सेलची साठवण २००० ते ३५०० एमएएच असते. नामांकित जपानी, कोरियन कंपन्याही याच हद्दीत आहेत. या मापाच्या सेलवर ४००० च्या वर आकडा दिसला की संशय घ्यावा, आणि ५००० च्या वर दिसला की सेल खाली ठेवावा. मोबाईलमध्ये ५००० असतं ते खरं, पण मोबाईलची बॅटरी तळहाताएवढी पसरलेली असते.

ओळखायचा सोपा उपाय म्हणजे वजन. चांगला १८६५० साधारण ४४ ते ४८ ग्रॅम भरतो. सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर ठेवून बघावा. ३०-३५ ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे, मग अंगावर काहीही छापलेलं असो. काही सेल वजनाला बरोबर भरतात पण जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं कव्हर चढवलेले असतात. अशा सेलच्या टोकांवर वेल्डिंगचे बारीक ठिपके किंवा घासल्याच्या खुणा दिसतात. भारतात विकायच्या लिथियम सेलला मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा त्याच्या खोक्यावर आयएस १६०४६ आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव येतं. खोक्यावर एक नाव आणि ॲपवर दुसरं निघालं तर काय समजायचं ते समजावं.

दहा हजार लुमेनचा हिशेब

सेल समजला की डब्यावरच्या लुमेनचाही हिशेब घालता येतो. २५०० एमएएचचा सेल, ३.७ व्होल्ट. गुणाकार केला तर सव्वानऊ वॅट-तास. नऊ धरू. चांगल्या बॅटरीत एका वॅटला साधारण १०० लुमेन उजेड मिळतो. म्हणजे १०० लुमेनवर ती नऊ तास चालेल, ३०० वर तीन तास, आणि ९०० वर जेमतेम एक तास. डब्यावर १०,००० लुमेन आणि १२ तास लिहिलेलं असेल तर त्या उजेडाला १०० वॅट लागतील. एक सेल ते पाच-सहा मिनिटांत संपवेल, आणि खरं तर तेवढा करंट साध्या सेलमधून निघणारच नाही.

चांगल्या कंपनीच्या छोट्या बॅटऱ्याही १००० लुमेन लिहितात. तो उजेड खरा असतो, पण एक-दोन मिनिटांचा. मग बॅटरी तापते आणि आपोआप खाली येते. तो बिघाड नाही, सेल आणि एलईडी वाचवायची ती सोय आहे. पाणी द्यायला १०० ते १५० लुमेनचा उजेड भरपूर होतो. त्यामुळे मधला उजेड किती तास टिकतो हे डब्यावर शोधावं, सगळ्यात मोठा आकडा नव्हे.

झोत लांब हवा की पसरट, हे कामावर आहे. सरीतलं पाणी, बांध, पायाखालची जागा बघायला पसरट उजेड लागतो. लांब झोताच्या बॅटरीत पुढचं झाड दिसतं, पण पायाजवळ अंधारच राहतो. उसाच्या कडेला चाहूल लागली तर मात्र लांब झोत हवा. पुढचं तोंड सरकवून झोत कमी-जास्त करायच्या बॅटऱ्या दोन्ही कामं करतात, पण त्या सरकत्या फटीतून पाणी आणि चिखल आत जातो. चिखलात काम असेल तर त्यापेक्षा तोंड पक्कं असलेली आणि डब्यावर आयपीएक्स ७ लिहिलेली बरी. ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त पावसाचे शिंतोडे सोसते. अगदी निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर उजेडात माती, पाचट आणि साप यांचे रंग वेगळे ओळखू येतात, हेही दुकानात दोन बॅटऱ्या शेजारी लावून बघण्यासारखं आहे.

दारं धरणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात. त्यासाठी मान काटकोनात वळलेली, डोक्याच्या पट्ट्यात बसणारी १८६५० ची बॅटरी मिळते. तिच्या बुडाला लोहचुंबक असेल तर स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला चिकटवून फ्यूज बघता येतो. तोंडात बॅटरी धरून पेटीत हात घालणाऱ्यांनी ही जरूर बघावी.

बटण शेपटाकडं असलं की ओल्या हातानेही सापडतं. कडेला मऊ बटण असलेल्या बॅटऱ्या पिशवीत दाबल्या जाऊन आपोआप चालू होतात, त्यांचं शेपटाकडचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवावं. सेल उतरत आला की लाल दिवा लागणारी आणि शेवटी स्वतः बंद होणारी बॅटरी चांगली. लिथियम सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब होतो. तसा मेलेला सेल पुन्हा चार्ज करायच्या फंदात पडू नये.

चार्ज करताना

बॅटरीला चार्जिंगची खाच असेल तर मोबाईलचा साधा पाच व्होल्टचा चार्जर चालतो, आतलं सर्किट ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवतं. टाईप-सी खाचेच्या काही स्वस्त बॅटऱ्या दोन्हीकडं टाईप-सी असलेल्या वायरवर चार्जच होत नाहीत. बिघडली म्हणून परत करण्याआधी जुन्या रुंद तोंडाच्या वायरवर लावून बघावी. २५०० चा सेल एक अँपिअरवर भरायला तीन तास लागतात. तासाभरात हिरवा दिवा लागला तर एक तर सेल अर्धा भरलेला होता किंवा त्यात २५०० नाहीतच.

चार्जिंग गोधडीवर, गादीवर किंवा कडब्याजवळ नको. फरशीवर ठेवावी आणि घरात कोणी जागं असताना लावावी. सेल हाताला चटका बसेल इतका तापला, गोडसर वास आला, अंगावर चेंब आला किंवा कव्हर फाटलं, तर तो बाद. खिशात सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ठेवला तरी शॉर्ट होतो, म्हणून प्लॅस्टिकची डबी हवीच. उन्हाळ्यात बॅटरी ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत दिवसभर ठेवली तर सेलचं आयुष्य घटतं. हंगाम संपल्यावर ठेवायची असेल तर पूर्ण भरून नको आणि रिकामीही नको, निम्मी भरून, सेल बाहेर काढून ठेवावी.

बाद झालेला सेल शेकोटीत किंवा उकिरड्यावर टाकला जातो, तो फुटतो, आणि उकिरड्यावर पोरं त्याच्याशी खेळतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो दुकानदाराकडं द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

नवी बॅटरी आणली की पहिल्याच रात्री रानात नेऊ नये. सेल पूर्ण भरून संध्याकाळी ओट्यावर मधल्या उजेडावर लावून ठेवावी, अधूनमधून हात लावून किती तापते ते बघावं आणि किती वाजता विझली ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तसंच करावं. तास निम्म्यावर आले असतील तर नवा सेल रात्रीची पाळी सुरू होण्याआधीच आणून ठेवावा.